मेल्यानंतर काय? : एका प्रश्नाचा इतिहास आणि धम्माचे उत्तर



मागच्या वर्षी माझे थोरले चुलते गेले. घर पूर्ण बौद्ध. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि चौकटीत बसवलेल्या बावीस प्रतिज्ञा. अंत्यविधी त्रिशरण-पंचशीलाने झाला. पत्रिकेवर 'स्वर्गीय' किंवा 'कैलासवासी' न छापता 'कालकथित' छापले. सगळे रीतसर. पाचव्या दिवशी चुलतीने मला स्वयंपाकघरात बोलावले आणि दार लोटून घेऊन हळूच विचारले, "बाळा, दहाव्याला नदीवर भाताचा नुसता एक घास ठेवला तर चालंल का रं? कावळा शिवला म्हंजी जिवाला बरं वाटंल. माझ्यामुळं त्यांचं पुढं काय अडायला नको."

मी लगेच सहावी प्रतिज्ञा सांगायला सुरुवात केली. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ते समदं खरं हाय. मला पाठ हाय. पण मग हे गेले कुठं?"

मी गप्प बसलो. इतकी वर्षे शिबिरे केली, भाषणे केली, पण ओल्या डोळ्यांनी विचारलेल्या या चार शब्दांना माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रतिज्ञा सांगणे सोपे असते. ती प्रतिज्ञा कशासाठी आहे, हे दुःखात बसलेल्या माणसाला समजावणे अवघड असते. चुलतीला त्या दिवशी जे सांगता आले नाही ते इथे मांडतो आहे. आपल्यापैकी प्रत्येक कार्यकर्त्याला हा प्रश्न कधी ना कधी घरातच विचारला जाणार आहे.

प्रश्न सगळ्यांचा, उत्तर मात्र मक्तेदारांचे

'मेलेला माणूस कुठे जातो?' हा प्रश्न ब्राह्मणी नाही. तो माणसाचा आहे. ज्याचे माणूस जाते त्याला तो पडतोच. म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी म्हणणे हा आपला पहिला गुन्हा ठरेल.

आपले भांडण प्रश्नाशी नाही, उत्तराशी आहे. या देशात या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या ताब्यात घेतले त्यांनी त्या उत्तरातून दोन गोष्टी साधल्या. एक, मेलेल्याच्या नावाने जिवंतांकडून दक्षिणा. दुसरी त्याहून मोठी, ती म्हणजे जिवंतांच्या गुलामगिरीला मेलेल्या जन्माची साक्ष.

छांदोग्य उपनिषदाचा पाचवा अध्याय उघडून पाहा. तिथे सांगितले आहे की ज्यांचे आचरण चांगले ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जन्मतात. ज्यांचे वाईट ते कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ योनीत. कुत्रा, डुक्कर आणि चांडाळ एकाच ओळीत! मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात ब्रह्महत्या करणारा ज्या योनींत जातो त्यांची यादी आहे. तिच्यात गाढव, उंट, बकरा यांच्या रांगेत चांडाळ आणि पुल्कस हेही आहेत.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पुनर्जन्माचा हा सिद्धांत मेल्यानंतर काय होईल हे सांगण्यासाठी जितका वापरला गेला, त्याहून कितीतरी जास्त तो आज जे चालले आहे ते बरोबरच आहे हे सांगण्यासाठी वापरला गेला. तू अस्पृश्य का? मागच्या जन्मी पाप केलेस म्हणून. यातून सुटका कधी? या जन्मी निमूट सेवा केलीस तर पुढच्या जन्मी. मागचा जन्म कुणी पाहिला नाही, पुढचा कुणी पाहणार नाही. मधला एक जन्म तेवढा हाती आहे, आणि तो दुसऱ्याची गुलामी करण्यात संपतो. असा गुन्हा, ज्याचा पुरावा नाही. अशी शिक्षा, जिच्यावर अपील नाही.

सांगावा नेणारे हात

आता हा सिद्धांत ग्रंथातून गावात उतरल्यावर कसा दिसत होता ते पाहू.

गावगाड्यात मर्तिकाची बातमी परगावी पोहोचवण्याचे काम महाराचे. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, सांगावा घेऊन तो पायी निघायचा. स्मशानात लाकडे पोहोचवायची त्यानेच. मेलेले ढोर ओढायचे त्यानेच. या सगळ्याबद्दल मढ्यावरचे कापड हा त्याचा 'हक्क'. तो हक्क कुठून आला? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत आणि बेवारस प्रेते वाहून न्यावीत अशी आज्ञाच आहे. पाचव्या अध्यायात तर प्रेत गावाच्या कोणत्या वेशीतून न्यायचे हेही वर्णाप्रमाणे ठरवले आहे. शूद्राचे प्रेत दक्षिणेच्या दरवाजाने, बाकी तीन वर्णांची दुसऱ्या तीन दरवाजांनी. म्हणजे जीव गेला तरी जात जात नाही.

ज्या माणसाच्या पायांवर आणि खांद्यांवर गावाचा मृत्यू चालत होता, त्यालाच गावाने सांगितले की तू जन्माने अपवित्र आहेस आणि त्याला तुझे मागील जन्मीचे कर्म जबाबदार आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच गुलामीविरुद्ध. आपल्यातल्याच काहींना तेव्हा वतन सोडवत नव्हते. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा, बलुत्याची भाकरी आणि मढ्यावरचे कापड! कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. पण कागदावरचे वतन रद्द झाले म्हणून डोक्यातले वतन रद्द होते असे नाही. मागील जन्माचे पाप हे डोक्यातले वतन आहे.

चोखोबांची वेदना

हे विष किती खोल गेले होते, त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे संत चोखामेळा. चौदाव्या शतकातला हा थोर कवी. विटाळाच्या कल्पनेवर त्यांनी असे मूलभूत प्रश्न केले की आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यांच्याच नावावरच्या एका अभंगात आपला महार जन्म हे पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेचे फळ असल्याचे सांगितले आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. समाधी मिळाली ती पंढरपूरच्या मंदिराच्या आत नव्हे, महाद्वारासमोर पायरीजवळ.

एवढ्या प्रतिभेच्या माणसाला स्वतःच्या छळाचे कारण म्हणून स्वतःचाच एक न पाहिलेला जन्म पुढे करावा लागला. याबद्दल चोखोबांना दोष देणे कृतघ्नपणा होईल. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला आपला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांनी चोखोबांच्या वेदनेला वंदन केले. पण चोखोबांना जे उत्तर स्वीकारावे लागले ते बाबासाहेबांनी स्वीकारले नाही.

रमाईंनी पंढरपूरला जाण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा बाबासाहेबांनी काय सांगितले हे आपण सगळे जाणतो. जिथे भक्ताला दाराबाहेर उभे राहावे लागते ते पंढरपूर काय कामाचे? आपण आपल्या चारित्र्याने, त्यागाने आणि शोषितांच्या सेवेने दुसरे पंढरपूर उभारू. या एका उत्तरात जीवनाचा हेतू काय, हे आलेले आहे.

टिटवे धरणारी सावित्रीमाई

मरणाच्या धंद्यावर आधुनिक काळात पहिला मोठा घाव घातला तो जोतीरावांनी. १८६९ सालच्या 'ब्राह्मणांचे कसब' मध्ये जन्मापासून मरणापर्यंत आणि मरणानंतरही वर्षानुवर्षे भटजी कुणब्या-माळ्याच्या घरातून कसे काढून नेतो हे त्यांनी उघडे केले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, ही त्याची भूमिका होती. मग मेलेला माणूस आणि त्याची लेकरे यांच्यामध्ये तरी दलाल कशाला?

जोतीराव हे नुसते लिहून थांबले नाहीत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्यविधीच्या वेळी दत्तकपुत्र यशवंतच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीमाई पुढे झाल्या. स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि आपल्या हाताने अग्नी दिला. पुत्राने अग्नी दिला नाही तर बाप नरकात जातो, असे सांगणाऱ्या धर्माच्या नाकावर टिच्चून एका पत्नीने हे केले. १८९० साली!

आणि त्यांचे स्वतःचे मरण? १८९७ साली पुण्यात प्लेग होता. लोक आपल्या माणसांना सोडून पळत होते. सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या स्वर्गात गेल्या की नाही, हा प्रश्न तुम्हाला तरी पडतो का? मला पडत नाही. कारण त्या कुठे आहेत ते मला दिसते. माझी मुलगी रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाते ना, तिथे.

तथागतांचे उत्तर

आता मूळ मुद्दा. धम्म या प्रश्नाला काय उत्तर देतो?

मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू बुद्धांकडे हट्ट धरून बसला होता. जग शाश्वत आहे की अशाश्वत, शरीर आणि जीव एक की वेगळे, मेल्यानंतर तथागत असतो की नसतो, हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्ध म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला की बाण मारणारा कोणत्या जातीचा, उंच की बुटका, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो ते कळण्याआधीच मरेल. बाण आधी काढा! ज्यांच्या पाठीत हजारो वर्षांचा बाण रुतला आहे त्यांच्यासाठी यापेक्षा थेट उत्तर दुसरे कोणते असेल?

पिंडदानाबद्दल विचाराल तर संयुत्त निकायात असिबंधकपुत्त गामणीचा संवाद आहे. तो गावचा मुखिया बुद्धांना सांगतो की काही ब्राह्मण मंत्राने मेलेल्याला स्वर्गात चढवतात, तुम्हाला ते जमते का? बुद्ध विचारतात, कुणी खोल डोहात मोठा दगड टाकला आणि लोकांनी काठावर जमून हात जोडून प्रार्थना केली की दगडा वर ये, तर तो वर येईल का? आणि तुपाचे मडके पाण्यात फुटले तर खापऱ्या खाली जातील आणि तूप वर येईल. तुपा बुड, अशी प्रार्थना केली तर ते बुडेल का? ज्याचे आचरण तुपासारखे आहे त्याला कुणाच्या मंत्राची गरज नाही. ज्याचे दगडासारखे आहे त्याला कुणाचा मंत्र तारणार नाही. मध्ये भटजीला जागाच उरत नाही.

वच्छगोत्त परिव्राजकाने विचारले, मुक्त झालेला मेल्यावर कुठे जन्मतो? बुद्धांनी उलट विचारले, समोरचा अग्नी विझला तर तो पूर्वेला गेला की पश्चिमेला? प्रश्नच चुकीचा आहे. इंधन होते तोवर अग्नी होता. तो कुठे गेला नाही, तो विझला.

मात्र इथे आपल्या काही तरुण मित्रांची एक गफलत होते. आत्मा नाही, स्वर्ग नाही, म्हणजे सगळे मेल्याबरोबर संपले. मग खा, प्या, मजा करा! बुद्धांच्याच काळात अजित केशकंबली हेच सांगत होता की चांगल्या-वाईट कर्माला काही फळच नाही. बुद्धांनी हे मतही नाकारले. आत्मा अमर आहे हे एक टोक, काहीच उरत नाही हे दुसरे टोक. धम्म दोन्ही टोके टाळतो.

बाबासाहेबांनी काय केले

इथे कुणी शंका घेईल. पाली साहित्यात आणि जातककथांत तर जागोजागी पुनर्जन्म आहे, त्याचे काय? ही शंका खोटी नाही आणि ती बाबासाहेबांनी लपवलीही नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी काही अवघड प्रश्न मांडले आहेत. त्यातला एक हाच आहे: बुद्धांनी आत्मा नाकारला, तर मग कर्म आणि पुनर्जन्म कसे मान्य होतात?

त्यांनी लावलेली संगती थोडक्यात अशी. पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार घटकांचे शरीर बनते. मेल्यानंतर हे घटक नष्ट होत नाहीत, निसर्गातल्या आपापल्या साठ्यात मिसळतात आणि त्यातून नवे जीवन घडत राहते. पुनर्जन्म असेलच तर तो या घटकांचा आहे, आत्म्याचा नाही. आणि कर्म? कर्म म्हणजे नैतिक व्यवस्थेचा नियम. कुशल कर्माने समाजात चांगली नैतिक व्यवस्था उभी राहते, अकुशल कर्माने वाईट. माणसे येतात आणि जातात, मागे राहते ती त्यांनी घडवलेली व्यवस्था. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत मात्र त्यांनी अन्यायकारक ठरवला. गरीब आणि दलितांच्या दुरवस्थेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये, याशिवाय त्याचा दुसरा उपयोग त्यांना दिसला नाही.

ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला, तेव्हा महाबोधि सोसायटीच्या नियतकालिकातून त्यावर कडक टीका झाली, हा आंबेडकरांचा धम्म आहे, बुद्धांचा नव्हे, अशी. आपण या टीकेला घाबरण्याचे कारण नाही. बुद्धांचे म्हणून जे सांगितले जाते ते बुद्धीला पटणारे आणि माणसाच्या हिताचे आहे का, ही बाबासाहेबांची कसोटी होती. ज्या लेकरांना हजारो वर्षे मागच्या जन्माचे पाप सांगून मारले, त्यांच्या हातात तोच सिद्धांत पिवळ्या कापडात गुंडाळून द्यायचा होता का?

कर्माचा बाबासाहेबांनी लावलेला अर्थ आपल्यावर मोठी जबाबदारी टाकतो. कर्माचे फळ मला पुढच्या जन्मी मिळणार नसेल, तर ते आज आणि उद्या दुसऱ्या कुणाला तरी मिळणार आहे. मी दारू पिऊन मेलो तर माझे पाप मी फेडणार नाही, माझी पोरगी फेडेल. मी गावात एक वाचनालय उभे केले तर त्याचे पुण्य मला नाही, अजून न जन्मलेल्या मुलाला मिळेल. 'स्वर्ग नाही तर चांगले का वागायचे?' असे विचारणारा माणूस खरे तर चांगला नाही, तो भागीदारीत व्यापार करणारा आहे.

७ डिसेंबरची संध्याकाळ

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. सहावी आपल्याला पाठ असते. एकविसावी विसरतो. तिच्यात दीक्षा घेणारा म्हणतो की आज माझा नवा जन्म होत आहे. बघा, पुनर्जन्माचा शब्द बाबासाहेबांनी टाकला नाही, त्यांनी तो मरणाच्या पलीकडून उचलून अलीकडे आणला. मेल्यानंतर नव्हे, जिवंतपणी, डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या निर्णयाने जन्म घ्या!

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. आदल्या रात्रीही याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम त्यांनी हाती घेतले होते. पार्थिव विमानाने मुंबईला आणले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर लाखोंचा समुदाय रडत होता. आणि तिथेच, अंत्यसंस्काराच्या वेळी, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून एक लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली.

जगाच्या इतिहासात असे किती अंत्यविधी झाले असतील? एका माणसाची चिता आणि तिच्या साक्षीने लाखाचा नवा जन्म. 'मेल्यानंतर काय?' याचे उत्तर त्या संध्याकाळी त्या वाळूत दिले गेले. आजही ६ डिसेंबरला तिथे जाऊन आपली माणसे काय घेऊन परततात? अंगारा नाही, प्रसाद नाही. पुस्तके.

पण आपल्या वस्तीत काय चालले आहे?

हे सगळे असताना आपल्याच घरांत काय शिरते आहे ते पाहा. दहाव्याला लपून पिंड. पंधरवड्यात 'नुसतं पान'. जलदान-पुण्यानुमोदनाच्या नावाखाली तेरवीसारख्या पंगती, आणि त्या पंगतींसाठी बचत गटाचे कर्ज. भटजी गेला आणि त्याच्या जागी आपणच आपल्याला लुटू लागलो, तर बदलले काय?

पण कार्यकर्त्यांनाही एक सांगायचे आहे. माझी चूक मला नंतर कळली. चुलतीला भीती नव्हती, माया होती. चाळीस वर्षे ज्याला वाढले त्याला एक घास द्यावा एवढीच तिची इच्छा. तिला मी प्रतिज्ञा ऐकवली, पण तिच्या मायेला जागा दिली नाही. आपण रूढी काढून घेतो आणि हात रिकामे ठेवतो. रिकाम्या हातात जुने परत येते.

दोन दिवसांनी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटले, "मोठी आई, तू विचारलंस ते गेले कुठं. त्यांचं शरीर मातीत, हवेत मिसळलं. ते आता परत येणार नाहीत. पण त्यांनी विहारात संध्याकाळी ज्या पोरांना गणित शिकवलं ती पोरं इथंच आहेत. त्यांच्याकडं जे गेलं तेवढं मात्र गेलेलं नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग त्या पोरांना जेवायला बोलाव. पिठलं-भाकरी मी करणार. त्यांच्या आवडीचं."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगत उठली नाही, कर्ज काढले नाही. बावीस-तेवीस पोरे विहारात बसून जेवली. तिने स्वतः वाढले. एकाने शिकवणी पुढे चालवण्याचे कबूल केले. अजून चालवतो आहे, आठवड्यातून तीन दिवस. कावळा शिवला का, हे कुणीच विचारले नाही.

मित्रांनो, मेल्यानंतर काय, याची चिंता आपण करू नये. आपण मेल्यानंतर आपल्या वस्तीत काय राहील, याची करावी. तेवढे एक काम पुरेसे आहे आणि त्यासाठी हा एकच जन्म आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!